न कुजलेल्या पिशव्या

कारखान्यात त्यांना सगळे ताणेकाका म्हणत. मातीत कुजणाऱ्या प्लॅस्टिकची फिल्म गरम रोलरांवरून ओढून ताणायची, हे त्यांचं काम. आपल्या हातची फिल्म फाटत नाही, याचा त्यांना भारी तोरा.

मुलीचे सासरे रोपवाटिका चालवायचे. लग्नानंतर पहिल्याच भेटीत काका छाती फुगवून म्हणाले, "व्याहीबुवा, पिशव्या मी देतो. रोप पिशवीसकट लावायचं. पिशवी मातीत जिरून जाते."

कारखान्यातल्या साहेबांना विचारून त्यांनी त्या पिशव्यांची फिल्म स्वतः काढली आणि नेहमीपेक्षा जास्त ताणली. लेकीच्या सासरी माल फाटला तर नाक कापलं जायचं! प्रयोगशाळेतल्या मॅडमनी टोकलंही होतं, "काका, इतकं ताणलं की आतल्या रेणूंच्या साखळ्या सरळ होऊन एकमेकींना खेटून बसतात. स्फटिक वाढतात. फिल्म मजबूत होते, पण पाणी आणि जिवाणू आत शिरायला वेळ लागतो. कुजायला उशीर होईल."

"मजबूत मालाला कुणी नावं ठेवतं का, मॅडम?" काकांनी हसण्यावारी नेलं.

काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. "बाबा, जरा येऊन जा." आवाज पडलेला होता.

रोपवाटिकेला लागूनच असलेल्या बागेत व्याह्यांनी पिशवीसकट लावलेलं एक मरगळलेलं रोप उपटून पुढे धरलं. पिशवी जशीच्या तशी. आत मुळं गोल गोल फिरून त्यांचा नुसता गुंता झालेला. रोपं विकत घेऊन तिथे लावणारा बागवाला शेजारीच उभा होता. व्याही त्याला एवढंच म्हणाले, "पिशव्या आमच्या व्याह्यांनी दिल्या होत्या."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"कारखान्यातूनच कच्चा माल खराब आला असेल," काका बोलून गेले.

मुलगी हळूच म्हणाली, "पण बाबा, या तुम्ही स्वतः केल्या होत्या ना? मी सगळ्यांना तेच सांगितलंय."

काकांचे कान तापले. मान वर होईना. "माझंच चुकलं," ते कसेबसे म्हणाले. "मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मग ब्लेड घेऊन ते मातीत बसले आणि एकेक रोप उकरून पिशव्या फाडू लागले. बोटं दुखून आली, इतक्या त्या चिवट. निम्मी रोपं पुढे तगली, बाकीची गेली.

त्या दिवशी दुपारी व्याह्यांनी स्वतः जेवायला हाक मारली. "हात मातीचे आहेत," असं म्हणत काका बाहेरच बसून राहिले. शेवटी मुलगीच ताट घेऊन आली. तिच्याकडे न बघता त्यांनी ते घेतलं.