खुन्याच्या यादीत माझी भजनं

मागच्या आषाढात मी बाप्पाला नवस बोलले होते, "ऋजुताची कादंबरी पूर्ण होईपर्यंत चहात साखर घेणार नाही." हसू नका! दुपारी चार वाजता बिनसाखरेचा चहा एकदा पिऊन बघा, मग बोला. आणि हा उपास इतका लांबवला कुणी, तेच तर सांगायचंय. घ्या, चहा घेता घेता ऐका.

ऋजुता माझी सून. नोकरी कॉम्प्युटरची, पण पहाटे पाच ते सात कानाला हेडफोन लावून रहस्यकादंबरी लिहायची. प्रकाशकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलेली. पहिलीच कादंबरी, मुदत चुकली तर पुन्हा कोण विचारतंय?

मला भारी कुतूहल. एकदा विचारलंच, "अगं, कानात गाणी वाजत असताना सुचतं कसं?"

"आई, गाण्यांमुळेच सुचतं. प्रत्येक पात्राची वेगळी यादी केलीय. यादी लावली की ते पात्र समोर येऊन बसतं."

मी चमकलेच. म्हणजे हे आवाहन झालं की! आपण नाही का, पूजेच्या आधी घंटा वाजवून देवाला बोलावत?

"मग पहाटे कुणाला बोलावतेस?"

"सध्या दिगंबरला. तो खून करतो."

ऐकलंत? ब्राह्ममुहूर्तावर, माझ्या देवघरापासून पाच पावलांवर, रोज एक खुनी येऊन बसतोय! आणि मी तिथेच वाती वळतेय!

येऊच नको म्हणावं, तर कादंबरी अडायची. पण आंघोळ करून, जरा बऱ्या मनाने यायला काय हरकत आहे? गाण्यांचं खातं आमच्या घरात सगळ्यांचं एकच. स्वयंपाकघरातल्या टॅबवर मी भजनं लावते, तिथेच तिच्या याद्या दिसल्या. दिगंबरच्या यादीत मी एक भूपाळी घातली. एकच हं! मग दोन अभंग. चातुर्मासात हात कशाला आखडायचा?

पंधरा दिवसांनी ऋजुता जेवताना म्हणाली, "आई, दिगंबरला काय झालंय कळत नाही. सुरा घेऊन निघाला आणि वाटेत तुळशीला पाणी घालून आला."

"चांगलं आहे की!" मी तिला आणखी भात वाढला. गुण येत होता! दुसऱ्याच दिवशी चार आरत्या घातल्या.

पुढच्या आठवड्यात त्याने त्याच सुऱ्याने नैवेद्याचा भोपळा चिरला.

"आता त्याला सोसायटीचा चेअरमन करा," आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "लिफ्ट तरी दुरुस्त होईल."

"यादीत काही वेगळं वाजतं का गं?" मी आपलं साळसूदपणे विचारलं.

"ॲप हल्ली मनानेच काहीबाही घुसवतं. लिहिताना माझं लक्ष नसतं."

मी गुपचूप माझा कडू चहा संपवला.

नवरात्रात मात्र ती लॅपटॉप मिटून माझ्याजवळ येऊन बसली. डोळे भरलेले. "आई, सोडून देते. खून होतच नाही. मला लिहिताच येत नाही हो."

नवस बोलणारी मी, आणि कादंबरी अडवून बसलेलीही मीच! सगळं सांगून टाकलं. भूपाळीपासून शेवटच्या आरतीपर्यंत.

आधी ती पोट धरून हसली. मग एकदम माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"म्हणजे तीन महिने तुम्ही मला हसत हसत वाढत होतात, आणि आतून त्या बिचाऱ्याला संपवत होतात? कुणाला पत्ता न लागू देता?"

"अगं, त्याच्या भल्यासाठीच केलं!"

"आई, हे वाक्य परत म्हणा!" म्हणत ती लॅपटॉपकडे पळाली.

दिवाळीच्या आधी कादंबरी प्रकाशकांकडे गेली. ते म्हणाले, खुनी वाचून घाम फुटला. आता दिगंबर पहिल्याच प्रकरणात मरतो. त्याला मारते एक गोड बोलणारी बाई. आमच्याच कोथरूडची. व्रतं करणारी. चहात साखर न घेणारी. माझी भजनं ऋजुताने एकूण एक ठेवली आहेत, यादीचं नाव तेवढं बदललंय. 'आई'!

पण नवस फळला ना! म्हणून म्हणते, तुमच्याही घरात कुणी लिहीत असेल, तर त्याच्यासाठी एखादा नवस जरूर बोला. एवढं माझं ऐकाच.

अहो, चहा का खाली ठेवलात? हुंगून काय बघताय? घ्या की! साखरच आहे त्यात.