गॅलरीतला वर्ग

शाळा बंद झाल्यापासून शेजारच्या बाई त्यांचा दुसरीचा वर्ग गॅलरीत भरवतात. मांडीवर पुस्तक आणि समोर कुंडीला टेकवलेला फोन. पोरं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात. कुणाच्या घरातला कुकर, कुणाच्या दारातली शेळी.

आज कविता म्हणता म्हणता एक बारीक आवाज आला, "बाई, पाणी पिऊन येऊ?"

मला हसूच आलं. पोरगी स्वतःच्या घरात, माठ हाताशी, आणि परवानगी मागतेय! बाई मात्र हसल्या नाहीत. "जा, सांडू नकोस," म्हणाल्या आणि ती परत येईपर्यंत कविता थांबवून बसल्या. माझं हसू विरलं. आपण परत येईपर्यंत कुणी असं थांबून राहावं, हे मोठेपणीही कुणाला नको असतं?

तास संपला. पुन्हा तोच आवाज आला, "बाई, घरी जाऊ?"

बाई शाळा सुटताना रोज म्हणायच्या तशाच म्हणाल्या, "जा. रस्त्याच्या कडेकडेनं जा, पळू नका."

फोन ठेवून त्या कठड्याशी आल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, सगळी पोरं नजरेआड होईपर्यंत.