चौबे कॉलोनीतला लाल शिंजीर

श्यामकांत देवपुजारींची निम्मी नोकरी बस्तरच्या डोंगरातल्या रेल्वे स्टेशनांवर गेली. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, त्या साली ते निवृत्त होऊन चौबे कॉलोनीत आले; मन मात्र डोंगरातच राहिलं. तिथल्या ओल्या दरीत रानकेळीच्या फुलांवर येणारा लालभडक शिंजीर पक्षी त्यांच्या बोलण्यात रोज यायचा. ऐकून ऐकून बायकोचे, प्रमोदिनीबाईंचे, कान किटले होते.

होळीचा रंग खेळून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी तोच पक्षी अंगणातल्या जास्वंदीवर! अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच, लाल छाती. श्यामकांतकाका आधी हरखले, मग काळजीत पडले. गर्द झाडीतलं पाखरू इथल्या उन्हात जगणार कसं? नक्कीच कोणाच्या तरी पिंजऱ्यातून निसटलेलं. त्यांनी वनखात्यातल्या नीलेशला फोन लावला. "जाळी घेऊन ये बाबू. याले डोंगरात नेऊन सोडू."

नीलेशनं येऊन कडी वाजवली. बेल महिनाभर बंदच होती, कारण तिच्या वायरीला साध्या शिंजिराचं घरटं लटकत होतं आणि आत अंडी होती. जाळी लागली. लाल पाखरू आलं, जाळी चुकवून थेट दाराशी गेलं आणि त्या घरट्यात शिरलं.

"काका, अंदर घुस गया! पकड़ लूँ?" नीलेशनं हात घातलाच होता.

"थांब! हात काढ पहिले!" काका ओरडले. "अंड्यांवर नर नाही बसत. हे मादी होय, आपलीच!"

"पर मादी तो पीली होती है ना?"

प्रमोदिनीबाई पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "काल मी मधुमालतीमागं लपली, तं बादलीभर लाल रंग कोणं फेकला? पानं अजून लाल आहेत. थे मादी रोज त्याच ओल्या पानांत आंघोळ करते."

काका मटकन पायरीवर बसले. लाज वाटायला हवी होती, पण त्यांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. एका हाताच्या अंतरावरून अंडी वाचली होती. स्वतःच्या हातानं रंगवलेली आई ते स्वतःच परगावी धाडायला निघाले होते.

"तो पहाड़ में नहीं छोड़ना?" नीलेशनं जाळी गुंडाळत विचारलं.

"नाही रे. तिचं घर इथंच आहे."

"अन् तुमचं?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

काकांनी घरट्याकडे पाहिलं. "माहंही इथंच. चहा टाक, नीलेशले पण."