शेडताईंचे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर

आमच्या कारखान्यात शिवणाचा दोरा तयार होतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं आणि त्या कापडात मिसळून दिसेनासा होईल असा दोरा आम्ही रंगवून द्यायचा. हे रंग जुळवण्याचं काम सव्वीस वर्षं एकाच बाईंनी केलं. शेड, म्हणजे रंगाची छटा, ओळखणाऱ्या म्हणून सगळे त्यांना शेडताई म्हणत. मी प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून रुजू झाले तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि ताईंची लेक माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. कागदावर मी त्यांची साहेब, पण त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय एक रीळ बाहेर जात नसे. दोन काळी रिळं त्या खिडकीशी न्यायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, “यात निळं आहे.” मला अर्धा तास बघूनही दोन्ही काळीच दिसायची.

मग कारखाना हलवायचं ठरलं. नवी जागा अठ्ठ्याऐंशी किलोमीटर लांब. यायचं त्यांनी यावं, नसेल यायचं त्यांनी चार महिन्यांचा पगार घेऊन घरी बसावं. बरेच जण बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. माझ्या नवऱ्याची नोकरी जुन्या गावात, म्हणून आम्ही मधल्या गावात खोली घेतली. ताईंना मात्र हलता येईना.

त्यांच्या यजमानांची किल्ल्या बनवायची टपरी होती. लोक त्यांना किल्लीवाले म्हणत. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून टपरी बंद. आठवड्यातून तीन दिवस त्यांना इस्पितळात मशीनवर घ्यायचे, चार-चार तास, रक्त धुवायला. त्या मशीनवर जागा मिळायलाच चार महिने लागले होते. नव्या कारखान्याच्या आसपास असं मशीन कुठंच नव्हतं. आणि हा सगळा खर्च चालायचा कामगारांच्या वैद्यकीय योजनेतून. नोकरी गेली की योजना गेली, योजना गेली की मशीन गेलं. ताईंनी राहावं कुठं आणि जावं कुठं?

त्यांनी बसनं जायला सुरुवात केली. पहाटे साडेचारला घर सोडायचं, एक बस, मग अर्धा तास ताटकळून दुसरी, मग फाट्यापासून कारखान्यापर्यंत पायी. येताना पुन्हा तेच. त्यांच्या मणक्यातल्या दोन गाद्या आधीच सरकलेल्या. बसचा प्रत्येक हादरा कमरेतून निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचा. कामावर आल्या की पहिली दहा मिनिटं त्या बेसिनच्या कडा दोन्ही हातांनी धरून उभ्या असत. मला वाटायचं, हात धुताहेत.

सातव्या आठवड्यात राखाडी दोऱ्याचा अख्खा लॉट परत आला. दोऱ्यात हिरवट झाक होती. इतकी, की मलासुद्धा दिसली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांना आत बोलावलं. त्या बसल्या नाहीत, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

“ताई, झेपत नसेल तर सांगा. मी वर बोलते. काहीतरी मार्ग काढतील.”

मार्ग म्हणजे चार महिन्यांचा पगार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं याची मला आजही लाज वाटते.

त्या म्हणाल्या, “मॅडम, मला एक महिना द्या. मी गाडी घेते.”

“चालवणार कोण?”

“मीच. लायसन्स आहे माझ्याकडे. कपाटात.”

एरवी मी हसले असते. त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. मी वर जाऊन एक महिना मागून घेतला. साहेब म्हणाले, “महिना म्हणजे तीस दिवस. एकतिसावा नाही.”

पुढचं सगळं मला नंतर त्यांच्याकडूनच तुकड्यातुकड्यानं कळलं.

त्या घरात आजवर वाहन म्हणजे एक सायकल. पण किल्लीवाल्यांनी हे काम अंगावर घेतलं. मशीनवर असताना त्यांचा एक हात नळ्यांमध्ये अडकलेला, दुसरा मोकळा. मोकळ्या हातात फोन. कुठली गाडी काय ॲव्हरेज देते, गर्दीत किती, मोकळ्या रस्त्यावर किती, कुणाचा क्लच जड, कुणाच्या सीटला मांडीखाली आधार नाही, सगळं त्यांनी वाचून काढलं. इतकं, की तिथली नर्स आपल्या दिराच्या गाडीसाठी त्यांचा सल्ला घ्यायला लागली. “ज्या माणसानं जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही,” ताई सांगायच्या, “तो मला म्हणतो, त्या गाडीचं सस्पेन्शन जरा कडकच आहे गं!”

ताई रविवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर पुन्हा हात बसवत होत्या आणि सुट्टी टाकून शोरूम पालथ्या घालत होत्या. सगळीकडे एकच तऱ्हा. दहा मिनिटांची ट्रायल, गुळगुळीत रस्त्यावर, थंडगार हवेत. दहा मिनिटांत कुठली कंबर बोलते? एका शोरूममध्ये त्यांनी विक्रेत्याला सरळ सांगितलं, “मला गाडी चालवायची नाही. या सीटवर दोन तास बसू द्या.”

तो आधी हसला. मग त्याला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. मग त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर पोक्त होते. ताईंनी त्यांना अंतर सांगितलं, कमरेचं सांगितलं, यजमानांचंही सांगितलं. ते म्हणाले, “बसा. काचा खाली ठेवा फक्त.”

भर शोरूममध्ये, दिव्यांच्या झगमगाटात, ताई एका बंद गाडीच्या स्टिअरिंगमागे पर्स मांडीवर घेऊन बसल्या. लोक येत होते, बघत होते. एका छोट्या मुलीनं आईला विचारलं, “ती आजी गाडी का चालवत नाहीये?” चाळिसाव्या मिनिटाला डाव्या पायाला मुंग्या आल्या. पासष्टाव्या मिनिटाला पाय आहे की नाही ते कळेना. ती गाडी सगळ्यांत कमी तेल पिणारी होती आणि किल्लीवाल्यांच्या यादीत पहिली होती. मॅनेजरनी हात देऊन त्यांना बाहेर काढलं.

शेजारच्याच मोठ्या गाडीत त्या बसल्या तर वीस मिनिटांत डोळाच लागला. इतकी सुखाची बैठक. पण ती रोज पावणेदोनशे किलोमीटर पळवायची म्हणजे अर्धा पगार पेट्रोलपंपावर ओतून यायचा.

घरी आल्यावर किल्लीवाले म्हणाले, “परवडते तिच्यात बसवत नाही, बसवतं ती परवडत नाही. सेकंडहँड बघू.”

तोवर अठरा दिवस संपले होते.

गावाबाहेर एका दलालाचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. बाविसाव्या दिवशी दोघं तिथं गेली. किल्लीवाल्यांचा तो मशीनचा दिवस नव्हता, म्हणून ते हट्टानं बरोबर आले आणि दलालाच्या टेबलाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पत्र्याच्या शेडखाली एक निळसर करडी गाडी उभी होती. डिझेलची, चांगलं ॲव्हरेज देणारी, सीट उंच, मांडीखाली भरपूर आधार. ताई तिच्यात तब्बल दीड तास बसल्या. पायाला मुंग्या नाहीत. क्लच लोण्यासारखा. किल्लीवाल्यांनी तिचं सगळं आधीच वाचलेलं होतं. ते खुर्चीवरूनच मान डोलवत होते.

“एकच हात लागलाय गाडीला,” दलाल म्हणाला. “ओरखडासुद्धा नाही. सगळं ओरिजिनल.”

“जरा उन्हात काढता?” ताई म्हणाल्या. सवयच ती.

गाडी उन्हात आली. ताईंनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग मागचा डावा दरवाजा, त्याच्या पुढचा आणि मागची बाजू अशा तीन ठिकाणी बोट ठेवलं.

“हे तिन्ही नंतर रंगवलेत. यात पिवळं जास्त पडलंय.”

“काहीतरीच काय बाई! एकच रंग आहे.”

“एक नाही.”

“अहो, मी वीस वर्षं गाड्या विकतोय.”

खुर्चीवरून किल्लीवाले म्हणाले, “आणि ती सव्वीस वर्षं हेच करतेय.”

दलालाचा आवाज चढला. मग आपसूक उतरला. गाडी मालवाहू ट्रकच्या चाकाशी चेपली गेली होती. डावी बाजू कापून नवी जोडलेली, तीही कुठल्या कारागिरानं कशी जोडली ते त्यालाही माहीत नव्हतं. ताईंनी पर्स उचलली.

आवाराबाहेर रस्त्याच्या कडेला एक सिमेंटचा पाइप पडला होता. त्यावर बसून त्या रडायला लागल्या. येणारेजाणारे बघत होते, तरी थांबेनात. “मला दिसलंच नसतं तर काय बिघडलं असतं?” त्या म्हणत होत्या. “नको तिथं दिसतं. कामावर दिसायला हवं तिथं दिसत नाही.”

किल्लीवाले जवळ उभे होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, “एक सांगू? मी मशीन बंद करतो.”

वर्तमानपत्र बंद करावं तितक्या शांतपणे.

“मग तुला इथं अडकायला नको. तिकडेच एक खोली घे, कारखान्याजवळ. मी डॉक्टरांना विचारलंय. फार त्रास होत नाही म्हणतात. दहा-पंधरा दिवसांत—”

“विचारलंय?” ताई उठून उभ्या राहिल्या. “मी तिकडे गाड्यांमध्ये तास तास बसतेय आणि तुम्ही डॉक्टरांना हे विचारताय?”

“अगं, हिशेब सरळ आहे—”

“हिशेब घाला चुलीत!”

त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की दलालसुद्धा फाटकाशी आला. सव्वीस वर्षांत कारखान्यात कुणी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. त्या काय काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, “नको ते बोलले. आजारी माणसाला बोलू नये असं.” त्या दिवशी घरी जाताना रिक्षात दोघंही दोन बाजूंना बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. दलालाचा.

“बाई, राग मानू नका. ती गाडी मीही फसूनच घेतलीय, ट्रकचं मला नंतर कळलं. लिलावातनं आणतो ना, पाचातली एक अशी निघते. तुम्ही रविवारी येऊन माझ्या गाड्या बघाल? मी विकत घ्यायच्या आधी?”

ताई म्हणाल्या, “मला चार दिवसांत गाडी हवीय. माझ्या कमरेला चालेल अशी, कमी तेल पिणारी आणि न ठोकलेली. ती आणून द्या, मी वर्षभर रविवारी येईन.”

त्यानं तिसऱ्या दिवशी आणली. औषधं विकत गावोगाव हिंडणाऱ्या एका माणसाची. त्याचीही कंबर अधू, म्हणून त्यानं सीट खास बनवून घेतलेली. गाडी पुष्कळ पळालेली होती, पण इंजिन नीट राखलेलं, आणि सगळा रंग पहिल्या दिवसापासूनचा. रंग मात्र असा, की ताईंनी डोळेच मिटले. धड हिरवा नाही, धड पिवळा नाही, साचलेल्या डबक्यासारखा.

“हा रंग कुणी पास केला असेल?” त्या म्हणाल्या आणि आत बसल्या. दोन तास बसल्या. मग चावी मागितली.

एकोणतिसाव्या दिवशी ती शेवाळी गाडी कारखान्याच्या फाटकातून आत आली. ताईंनी ती दोन गाड्यांच्या जागेत तिरकी लावली, उतरल्या, आणि बॉनेटला टेकून बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. ट्रकच्या मागे सत्तर किलोमीटर त्यांनी एकदाही ओव्हरटेक केलं नव्हतं.

मधल्या गावापासून मी त्यांच्याबरोबर यायला लागले. पहिले दोन महिने त्या गाडीत एक शब्द बोलायच्या नाहीत. जबडा आवळलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग हळूहळू बोलायला लागल्या. कंबर बरी झाली नाही, पण बेसिन धरणं थांबलं. लॉट परत यायचे थांबले. एकदा धुक्यात आम्ही रस्ता सोडून खाली उतरलो, एकदा टायर फुटलं आणि दोघींनी मिळून बदलताना हातांची सालटी निघाली. सुखाचा प्रवास म्हणतात तसा तो कधीच झाला नाही.

एका शनिवारी गाडीत पुढे किल्लीवाले बसलेले. मी मागे बसले. त्यांना रस्ता बघायचा होता. फोनवर वाचून सगळ्या गाड्यांची नावं पाठ झालेल्या माणसानं हा रस्ता एकदाही पाहिला नव्हता. ट्रक अंगावर आल्यासारखे जायचे तेव्हा त्यांचा हात आपोआप दाराच्या मुठीवर जायचा. घाटासारखं वळण संपलं तिथं ते म्हणाले, “थांबव जरा.”

ताईंनी गाडी कडेला घेतली. त्यांना वाटलं, मळमळतंय. पण किल्लीवाल्यांनी मागे वळून आलेल्या रस्त्याकडे बघितलं.

“रोज हे?”

“रोज.”

“दोनदा?”

“मग काय, एकदा जाऊन तिकडेच राहते का?”

ते हसले नाहीत. पाण्याची बाटली उघडली, डॉक्टरांनी मोजून दिलेल्यातला एक घोट घेतला आणि म्हणाले, “चल.” दिवसभर ते कारखान्याच्या आवारात गाडीत सीट मागे पाडून झोपले. जेवायच्या सुट्टीत ताई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि काहीतरी बोलत होती. त्या दिवसानंतर मशीन बंद करायचं ते पुन्हा बोलले नाहीत. मध्ये दोनदा जंतुसंसर्ग होऊन इस्पितळात राहिले, दोनदा घरी आले. वजन घटलंय. आवाज बारीक झालाय.

ताईंच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं चार महिने आहेत. दरम्यान वरच्यांनी रंग मोजणारं यंत्र मागवायचं ठरवलंय. ते आलं की प्रयोगशाळेत एक माणूस कमी लागेल. कागद माझ्या टेबलावर आहेत. कधी मी वायरिंगचं कारण काढते, कधी खोलीच्या तापमानाचं, कधी म्हणते, आधी आम्हाला शिकायला पाठवा. किती दिवस निभेल ते माहीत नाही.

परवा येताना ताईंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “मॅडम, त्या यंत्राचं काय झालं?”

“अडकलंय कुठंतरी.”

“अडकू दे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला गिअर बदलला.