काकीच्या नावावरची फाइल

माझा स्वभाव संशयी आहे, आणि पोटापाण्याचा उद्योगही तसाच. कुणाला कुठलं फोल्डर नुसतं वाचता यावं आणि कुणाला त्यात लिहिता यावं, हे ठरवणारा माणूस भोळा असून चालत नाही. मालवणातल्या एका छापखान्याचं हे काम मी बघतो. तिथे मालकाकडे आणि टायपिंगला विंडोज, डिझाइनला मॅक, आणि कोपऱ्यात सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा एक म्हातारा लिनक्स सर्व्हर. तिघांचं आपसात पटत नाही, म्हणून मी लागतो.

टायपिंग करणारी काकी खाडीपलीकडच्या गावची. मी गेलो की थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून द्यायची. तिच्या गावच्या जत्रेचं पत्रक दरवर्षी आमच्याकडेच छापलं जायचं. पत्रकाच्या तळाशी मानकरी घराण्यांची नावं असतात, आणि जो क्रम पालखीपुढे उभं राहण्याचा तोच कागदावर लागतो. त्यात उलटापालट झाली तर सख्ख्या शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं.

त्या वर्षी पत्रकं गावात पोचली आणि तासाभरात मालकाचा फोन वाजायला लागला. तिसऱ्या मानाचं घराणं पहिल्या जागेवर छापलं गेलं होतं. ते घराणं काकीच्या सासरचं.

"मी टाइप केलंय तेवा बरोबर होता," काकी म्हणाली. "मगे मी हात लावूक नाय."

मालकाने प्रूफ नुसती तारीख बघून पास केलं होतं, त्यामुळे त्याचाही जीव टांगणीला. त्याने मला बोलावलं. छपाईला गेलेली फाइल मी सर्व्हरवर शोधली. ती लिहिणाऱ्याच्या जागी काकीचं नाव होतं.

"संगणक खोटा बोलाचो नाय मा?" मालकाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. छातीठोकपणे म्हणालो, आणि खरं सांगायचं तर आतून थोडा खूशही झालो. इतकी वर्षं गोड बोलून चहा पाजणारी बाई शेवटी आपल्या घराण्याचीच निघाली, असं मला वाटलं. डिझाइनर शेजारीच कानात इअरफोन घालून बसला होता. तो घाटावरचा, त्या गावाशी त्याचा काय संबंध, म्हणून त्याला कुणी काही विचारलं नाही.

काकीला घरी बसवलं. गावात तर तिची पुरती शोभा झाली. जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि आधी खरंखोटं होऊ दे, मग देवीची ओटी भर, असं तिला पुजाऱ्याकरवी कळवलं गेलं. लग्न होऊन आल्यापासून तिची एकही ओटी चुकली नव्हती.

दोन दिवसांनी मी सहज सर्व्हर चाळला आणि चमकलो. त्याच सकाळची एक लग्नपत्रिका, आणि लिहिणारी काकी! घरी बसलेली बाई आमच्या सर्व्हरवर कशी लिहिते? आत कुणीतरी तिला सामील आहे, अशी शंकेची पाल माझ्या मनात चुकचुकली. मी तिचा पासवर्ड बदलला. दुपारी पुन्हा तिच्या नावावर नवी फाइल. मग तिचं मशीनच नेटवर्कवरून काढलं. संध्याकाळी आणखी एक.

ती फाइल डिझाइनरच्या पडद्यावर उघडी होती.

मी सर्व्हरवरच्या नोंदी पुन्हा उघडल्या. तो म्हातारा सर्व्हर माणसाला नावाने नव्हे, नंबराने ओळखतो. मी पाचशे, माझ्यानंतर नोंदवलेली काकी पाचशे एक. मॅकवर नोंदवलेला पहिला माणूसही पाचशे एकच असतो, आणि आमच्या मॅकवर तो म्हणजे डिझाइनर. मॅक विंडोजसारखा जोडला की रखडायचा, म्हणून मीच तो अशा तऱ्हेने जोडला होता की पासवर्ड न देता नुसता नंबर सांगून तो आत शिरायचा. त्या दिवसापासून डिझाइनरचं सगळं काम काकीच्या नावावर चढत होतं.

मी डिझाइनरला मानकऱ्यांच्या यादीबद्दल विचारलं. तो सहज म्हणाला, "हो, मीच बदलली. लहान नाव वर आणि मोठी खाली घेतली की देवळाच्या शिखरासारखं दिसतं." काकीच्या सासरचं आडनाव दोन अक्षरांचं.

मी खाडीपलीकडे गेलो. काकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"माका सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "तू संगणकाक इचारलंस, घाटावरच्याक इचारलंस. माका इचारलंस? आता देवळात येऊन सांग. चार माणसांसमोर."

गेलो. पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं, आणि त्या पाचशे एकाची सगळी हकीगत मी देवीपुढे उभा राहून सांगितली. कुणी हसलं नाही. कितपत कळलं कोण जाणे, पण काकीने त्या जत्रेत ओटी भरली.

ती कामावर परत आली. मी मॅक नीट जोडला, प्रत्येकाला वेगळा नंबर दिला, आणि मोठ्या फुशारकीने तिला म्हणालो, "काकी, आता तुमच्या नावावर दुसरं कुणी लिहू शकणार नाही."

"माझ्या गावच्या फोल्डरात माका नुसता वाचूक दी," ती म्हणाली. "लिवच्याचो हक्क काढून टाक."

मी खूप समजावलं. ती ऐकेना, म्हणून काढला. आता तिच्या गावचं पत्रक मालक स्वतः दोन बोटांनी टाइप करतो. काकी ते उघडते, सावकाश वाचते, आणि चूक दिसली की लांबूनच मालकाला हाक मारून सांगते. वाचताना ती दोन्ही हात मांडीवर ठेवते, सगळ्यांना दिसतील असे.