बाळंतिणीची हवाबंद खोली

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरची हवा शिरू नये म्हणून मी दोन दिवस राबलो, आणि दुर्दैवाने त्या कामात मला पूर्ण यश आलं.

आमचं घर लासुर्ण्यात. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की काळी काजळी उडते आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर तीळ पेरल्यासारखी बसते. एरवी आम्ही ती झटकतो आणि कामाला लागतो. पण यंदा माझी लेक सोनाली पहिल्या बाळंतपणाला आली होती. बारा दिवसांचा नातू आणि काजळी? माझ्या घरात? छे! मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली (दोन थर!), झरोक्यात पुठ्ठा ठोकला, दाराखाली गोधडी कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताआत्या कोळशाची शेगडी फुलवून आली. ही माझी सख्खी आत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिनंच न्हाऊ घातलंय. न्हाणं झालं की बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि निखाऱ्यांवर ओवा-बाळंतशेपा टाकून मायलेकरांना शेक द्यायचा, ही तिची रीत.

"दिलीप, एक खिडकी उघड रं. धूर कुठनं जायाचा?"

"आत्या, काजळी येती आत!"

"आरं, मी बंद खोलीत कंदी शेक दिला न्हाय."

"तवा प्रदूषण न्हवतं!"

आत्या पुटपुटत दुपटी धुवायला अंगणात गेली. ओवा जळून गेला, धूर विरला, निखारे लालबुंद राहिले. "बघा, आता हवा कशी स्वच्छ!" असं म्हणून मी दार घट्ट ओढून घेतलं आणि ओट्यावर चहा घेत बसलो.

थोड्या वेळानं आतून सोनालीचा आवाज आला, "पप्पा, डोकं फुटतंय."

मी ओट्यावरूनच निदान केलं: अशक्तपणा. माझी बायको मंदा म्हणाली, दृष्ट! तिनं आत जाऊन मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि त्याच शेगडीत टाकल्या. ठसक्यानं बेजार होऊन ती बाहेर आली, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अवो, बाळ हालंना!"

मी कप टाकून आत धावलो. सोनाली उठू बघत होती आणि तिचे पाय लटपटत होते. मी खिडकीवर झेप घेतली आणि नखांनी चिकटपट्टी सोलू लागलो. पहिला थर निघाला. दुसरा निघेना!

"दार हाय की, मुडद्या!" अंगणातनं धावत आलेली आत्या ओरडली. तिनं एका हातानं बाळ उचललं, दुसऱ्यानं सोनालीला ओढत अंगणात नेलं. मी मागं वळून पाहिलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

बाळ निपचित होतं. आत्यानं तळपायाला टिचक्या मारल्या, तरी रडेना. शेजारच्या जीपमधून बारामतीला निघालो, तर पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, आणि आमचा हॉर्न त्याच्या गाण्यांपुढं कुणाला ऐकू जातोय! जीपच्या काचा सताड उघड्या होत्या. काजळी आत येत होती. मी हात जोडून बसलो होतो; आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो.

सणसर ओलांडताना बाळानं टाहो फोडला. आम्ही सगळेच रडलो.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. "दोघंही ठीक आहेत. पण बंद खोलीत कोळसा? त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस बसल्या जागी जातो! घरात विज्ञान शिकलेलं कुणीच नाही का हो?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. आत्यानंही पाहिलं. एकोणतीस वर्षं मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं, आणि ह्याच वायूवर दरवर्षी दोन मार्कांचा प्रश्न काढला.

"न्हाय जी," मी हात जोडून म्हणालो, "आमी आपली अडाणी माणसं."