पडद्यावरचा डाग

पडदे धुणं हे आमच्या घरातलं माझं खातं. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला मला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला तो घालायचाही नसतो. लातुरात आमचं घर डाळ मिलांच्या बाजूला आहे. तिकडून वारा सुटला की तुरीच्या फोलपटांची बारीक पिवळसर धूळ खिडकीतून सरळ आत येते आणि पडद्यांच्या चुण्यांत जाऊन बसते. या धुळीला आधीच पाणी लागलं की संपलंच. तिचा चिखल होतो आणि मग कितीही घासा, कापड मळकंच राहतं. म्हणून पडदे काढले की आधी गच्चीवर नेऊन दोरीवर टाकायचे आणि काठीने चांगले झोडायचे. मग हुक काढून डब्यात ठेवायचे आणि पडदे साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे. पिळायचं मात्र अजिबात नाही. निथळले की ओलेच पुन्हा दांडीवर चढवायचे. आपल्याच वजनाने ते सरळ होतात, इस्त्री लागत नाही, आणि दुपारभर खोली गार राहते.

हे सगळं नळाच्या दिवशी. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे तो आला की घरातली सगळी भांडी, बादल्या, टाक्या भरायच्या असतात आणि त्यातच माझे पडदे. सासूबाईंना हे पडदेवेड मुळीच पसंत नाही.

"काय गं माय, त्या पडद्याच्या हात धुऊन मागं लागलीस," त्या म्हणतात. "इरून जातील एक दिवस."

"आत्याबाई, मोतीबिंदू काढल्यापासून तरी तुम्हाला धूळ दिसायला पाहिजे," मी म्हणते. एवढं बोलणं झालं की दोघी आपापल्या कामाला लागतो. आमचं भांडण इतकंच असतं आणि त्यावाचून दोघींनाही करमत नाही.

तर, होळी होऊन गेली होती. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीला माझा आवडता मोतिया रंगाचा पडदा आहे. सकाळी चहा घेताना मी त्याच्या समोर बसते. ऊन मागून येतं आणि पडदा नुसता उजळून निघतो. त्या दिवशी त्या उजेडात मला डाग दिसला. राखाडी, वाकडा, तुटक्या दोऱ्याचा तुकडा पडावा तसा. माझं डोकंच फिरलं. परवाच धुतलेला पडदा!

पहिला संशय अर्थातच नवऱ्यावर. "अहो, तुम्ही हात पुसलेत का याला?"

"मी कशाला पुसू?" हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "आणि डाग कुठाय? मला तर दिसून नाही राहिला."

यांना तर कपाटात समोर ठेवलेला शर्टही दिसत नाही, त्यामुळे त्या साक्षीला मी किंमत दिली नाही. सासूबाई उठून अगदी जवळ गेल्या, पडदा हातात धरून वरखाली बघितला आणि म्हणाल्या, "काही न्हाई गं." मी मनात म्हटलं, आत्याबाईंना माझं धुणं टाळायचं आहे, दुसरं काय!

पुढच्या नळाच्या दिवशी पडदा पुन्हा धुतला. डाग होताच. त्यातही एक गंमत अशी की आज वरच्या चुणीत दिसला तर उद्या खालच्या. शहाण्या बाईने इथेच थांबून विचार केला असता. मी काढलेला निष्कर्ष असा, की डाग एक नसून बरेच आहेत आणि ही बुरशी आहे. मग लिंबू चोळलं. उन्हात टाकला. लिंबाने डाग हलला नाही, पण माझ्या बोटाची कापलेली जागा मात्र चांगली झोंबली.

शेवटी मी पडदा पिशवीत भरला आणि बाजारात गेले. तिथे एक वयस्क चाचा आहेत, आमच्या घरातले सगळे पडदे त्यांनीच शिवलेले. मी तणतणतच दुकानात शिरले आणि म्हणाले, कापड खराब दिलंत. चाचांनी चहा मागवला, काउंटरवर ट्यूबलाइटखाली पडदा पसरला आणि मला म्हणाले, "बेटी, दाखव कुठं हाय ते."

मी शोधलं. उलटा केला, सुलटा केला. डाग नव्हता.

"लई धुतलास बेटी तू ह्याला," चाचा म्हणाले. "जरा सबर कर. दम खाऊ दे बिचाऱ्याला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा कसाबसा संपवला आणि घरी आले. वाटेत स्वतःला समजावलं, बरं झालं, लिंबाचा गुण उशिरा आला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा लावला, चहा घेऊन बसले, तर डाग हजर.

त्यानंतरच्या नळाच्या दिवशी मी रागानेच तो पडदा ओढून काढला. हुक डब्यात टाकले आणि सहज वर बघितलं. खिडकी उघडी होती. समोर पांढुरकं आभाळ होतं. आणि डाग त्या आभाळावर होता.

मी नजर डावीकडे नेली, तो डावीकडे आला. उजवीकडे नेली, मागोमाग तिकडे. एक डोळा झाकला, गेला. दुसरा झाकला, आला. पडदा हातातून खाली कधी पडला ते कळलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसले.

कशाची भीती वाटली ते सांगायला हवं. माझं माहेर औशाचं. माझ्या वडिलांच्या डोळ्यासमोर असेच काळे ठिपके यायचे. ते म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढला असेल, सुगी झाली की बघू. सुगी झाली. मग एक दिवस म्हणाले, एका बाजूने कुणीतरी पडदा ओढतंय असं वाटतंय. तेव्हा दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुटलाय, फार उशीर झाला. त्या डोळ्याने वडिलांना पुन्हा कधी दिसलं नाही. त्यांच्या त्या बाजूला बसलं तर आपण बसलोय हेच त्यांना कळायचं नाही, म्हणून आम्ही नेहमी दुसऱ्या बाजूला जाऊन बसायचो. आता माझ्याही डोळ्यात ठिपका आला होता आणि मी त्याला लिंबू चोळत बसले होते.

सासूबाई नळावरून ओरडल्या, "अगं, बादली वाहून राहिली!" मी उठले नाही तशा त्या आत आल्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, उघड्या खिडकीकडे बघितलं आणि नळ तसाच वाहता सोडून यांना हाक मारली. नळाच्या दिवशी आमच्या सासूबाईंनी पाणी वाहू दिलं, यावरून काय ते समजावं.

आमच्या घरचे डोळ्यांचे डॉक्टर नांदेडचे. सासूबाईंचा मोतीबिंदू त्यांनीच काढला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही दोघं निघालो. अहमदपूर आलं, लोहा आलं, हे नुसती तिकिटांची घडी घालत आणि उलगडत होते. एरवी लोह्यापर्यंत यांचे सगळ्या भाज्यांचे भाव सांगून होतात. मी खिडकीतून बाहेर बघायचं टाळत होते, कारण बाहेर आभाळ होतं.

दवाखान्यात डोळ्यांत औषध टाकलं आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसायला सांगितलं. मिटल्या डोळ्यांनी मी बसले आणि मनात नको नको ते येऊ लागलं. स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे, हळदीचा कुठे, हे मी आठवून बघू लागले. आठवत होतं. त्याने धीर येण्याऐवजी रडूच यायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. हे माझ्या कानाला लावून म्हणाले, घे, नायगावचा आहे. नायगावला माझे दीर आणि जाऊ शेती बघतात. जाऊ माझ्याहून लहान, स्वभावाने अघळपघळ.

"ताई, आत्याबाईंनी सांगितलं तुम्ही पडद्यासाठी नांदेडला आलाव म्हणून! लई बरं झालं. आमच्यासाठी पण आणा की. दोन खिडक्यांचे. निळे बघा, डाळिंबी नगं. अन् धुवायला सोपे पाहिजेत हां, तुमच्यावानी झोडायला मला न्हाई जमत."

मला काही क्षण काहीच कळेना. मग कळलं, आणि मला असं हसू फुटलं की आवरेना. डोळे मिटलेले, डोळ्यांतून औषधाचं पाणी वाहतंय, आणि मी भरल्या दवाखान्यात खो खो हसतेय. शेजारच्या बाई घाबरून सरकल्या. सासूबाईंनी "पडद्यासाठी नेलंय" इतकंच म्हटलं असणार, आणि मला ओळखणारं कुणीही दुसरा अर्थ कसा काढेल? जावेला मी खरं काही सांगितलं नाही. "आणते, निळेच आणते," म्हणाले. हसता हसता रडत होते ते तिला कळलं नसावं.

मग आत बोलावलं. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला आणि वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा असं बराच वेळ चाललं. उजेड इतका की डोकं फुटेल असं वाटलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि त्यावर यांनी माझा हात धरला होता. शेवटी डॉक्टरांनी दिवा बंद केला.

"पडदा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "कुठे फाटलेला नाही, कुठे सुटलेला नाही."

डोळ्यात आतून एक घट्ट पाणी असतं, वय झालं की ते आकसतं, त्यातल्या धाग्यांची सावली पडते, असं काहीसं त्यांनी समजावलं. आणखी ठिपके एकदम वाढले, चमका दिसल्या किंवा एका बाजूने अंधार आला तर त्याच दिवशी यायचं, हेही बजावलं. मी ऐकत होते, पण कानात पहिलंच वाक्य घुमत होतं.

"मग हा डाग जाणार कधी?" यांनी विचारलं.

"बहुतेक नाही जाणार. सवय होईल."

बाहेर आलो तर उन्हाने डोळे उघडवेनात. पायरीवरच बसले. यांनी बाटलीतलं पाणी मला दिलं, मग स्वतः घटाघटा प्यायले आणि टोपीने तोंड पुसलं. माझ्या अंगातून दोन दिवसांचं ओझं असं उतरलं की मला कडकडून भूक लागली. तिथेच पायरीवर आम्ही घरच्या दशम्या खाल्ल्या. इतकी गोड दशमी मी आयुष्यात खाल्ली नसेल. यांचा तर भाज्यांच्या भावांचा पट्टाच सुरू झाला.

नंतर नांदेडच्या बाजारात जावेचे पडदेही घेतले. जवळचं काही नीट दिसत नव्हतं, म्हणून मी कापड आणि शिलाई बोटांनीच चाचपून बघितली आणि रंगाचं काम यांच्यावर सोडलं. यांनी निळे म्हणून घेतलेले पडदे जांभळे निघाले, पण जाऊ म्हणाली, डाळिंबी न्हाईत एवढं बास झालं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या. फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं, तरी त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि एकेक डोळा नीट बघितला, जणू त्यांना आतलं दिसणारच होतं.

"डाग दिसतोय का गं अजून?"

"हाव आत्याबाई. डॉक्टर म्हणाले, तो काही जायचा नाही."

"दिसू दे," त्या म्हणाल्या. "डाग दिसतोय म्हंजे तुला दिसून तर राहिलंय न माय."

मग त्या दारातच माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मीही रडले.